एक सिनेमा ऑस्करला, एक कुलपात

१९४६ साली अमेरिकेत एकाच विषयावरचे दोन सिनेमे तयार झाले. विषय होता, लढाईहून घरी आलेला शिपाई. एकाला सात ऑस्कर मिळाली. दुसरा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दाखवायचा होता. खेळ सुरू व्हायला काही मिनिटं उरली असताना लष्करी पोलीस आले आणि रिळं घेऊन गेले. तो सिनेमा लोकांना पाहायला मिळाला तो डिसेंबर १९८० मध्ये. युद्धाहून परतलेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या, बायकोमुलांशी धड बोलू न शकणाऱ्या माणसावरचे युद्धपट आता सर्रास निघतात. पण असा माणूस पडद्यावर यायला इतका उशीर का झाला, हे या दोन सिनेमांच्या नशिबात बघायला मिळतं.

मूळ भानगड आजाराच्या नावाची, आणि नावामागच्या पैशाची आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरानं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन शिपायांच्या केसेस छापल्या. तोफगोळे जवळ फुटल्यावर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव यांवर परिणाम झाला होता. 'शेलशॉक' हा शब्द त्या लेखामुळे छापील वैद्यकात आला. स्फोटाच्या हादऱ्यानं मेंदूला इजा होत असावी, असा पहिला समज होता. पण ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नव्हता अशीही माणसं थरथरत, मुकी होऊन यायला लागली आणि लष्कराची पंचाईत झाली. मग वर्गवारी ठरली. शत्रूच्या माऱ्याचा थेट परिणाम असेल तर कागदावर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी; नसेल तर 'एस', म्हणजे नुसता आजारी. 'डब्ल्यू'वाल्याला जखमी झाल्याची खूण म्हणून बाहीवर पट्टी आणि पेन्शनचा हक्क. 'एस'वाल्याला दोन्ही नाही. एका अक्षरावर माणूस शूर की नेभळट ते ठरायचं! पुढं १९१७ मध्ये शेलशॉक हा शब्दच नकोसा झाला आणि अशा शिपायांच्या कागदावर 'अद्याप निदान नाही, मज्जाविकार' अशा अर्थाची चार इंग्रजी अक्षरं पडू लागली. पळून जाणं, भेकडपणा वगैरे आरोपांखाली त्या युद्धात ब्रिटिश लष्करानं गोळ्या घातलेल्या ३०६ शिपायांना माफी मिळाली ती थेट २००६ साली.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. त्याच युद्धात पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट गावाच्या वेढ्यात अडकल्या होत्या. १४७ दिवस उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ ला त्या फौजेनं शरणागती पत्करली. पुढं कैद आणि वाळवंटातली पायपीट. अवयव गमावलेल्या हिंदी शिपायांना हातची कला शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं; पुढं ते खडकीला गेलं आणि अजून तिथं आहे. ज्याचे हातपाय धड होते पण झोप गेली होती, त्याच्यासाठी गावात दोनच निदानं असायची : 'डोक्यावर परिणाम झालाय' किंवा 'बाहेरचं लागलंय'.

दुसऱ्या महायुद्धात शब्द बदलला, 'युद्धथकवा' आला. दृष्टी मात्र तीच राहिली. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत अमेरिकी जनरल पॅटननं लष्करी दवाखान्यांतल्या दोन शिपायांना, एकाला ३ तारखेला आणि दुसऱ्याला १० तारखेला, भेकड म्हणून थोबाडीत मारली. त्यातला एक मलेरियानं फणफणला होता. त्याचा वरिष्ठ आयझेनहॉवर यानं पॅटनला माफी मागायला लावली.

आता ऑस्करवाला सिनेमा. विल्यम वायलरचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज'. तीन माणसं एकाच विमानातून आपल्या गावी परततात : एक बँकवाला सार्जंट, एक बॉम्बफेक्या कॅप्टन आणि दोन्ही हात गमावलेला खलाशी. खलाशाचं काम करणारा हॅरल्ड रसेल नट नव्हता. तो सैन्यातला प्रशिक्षक. ६ जून १९४४ ला, म्हणजे तिकडं नॉर्मंडीत फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, नॉर्थ कॅरोलायनातल्या छावणीत सुरुंगाच्या स्फोटात त्याचे हात गेले. त्याचे लोखंडी आकडे खरे आहेत. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली. वायलरही कोरडा नव्हता. बॉम्बर विमानांतून चित्रण करता करता त्याचा एक कान कायमचा गेला होता.

मला मात्र या सिनेमात रसेलपेक्षा तो कॅप्टन जास्त महत्त्वाचा वाटतो. युद्धाआधी तो दुकानात आइस्क्रीम-सोडा विकायचा, परतल्यावर पुन्हा तिथंच येतो आणि झोपेत ओरडत उठतो. शेवटाकडं तो भंगारात निघालेल्या विमानांच्या मैदानात जातो, एका बॉम्बरच्या नाकाडात जाऊन बसतो आणि घामाघूम होतो. विमानाला इंजिनं नाहीत, ते जागचं हलत नाही, तरी आवाज चढत जातो. १९४६ मध्ये याहून पुढं जायची सोय नव्हती. दोन मिनिटांत त्याला खाली हाक मारून त्याच भंगारात नोकरी दिली जाते. तुटलेले हात पडद्यावर धीटपणे दाखवता आले, फुटलेलं मन मात्र दोन मिनिटंच.

कुलपात गेलेल्या दुसऱ्या सिनेमात, म्हणजे दिग्दर्शक जॉन हस्टनच्या 'लेट देअर बी लाइट'मध्ये, ती दोन मिनिटं तासभर चालतात. गंमत अशी की हा सिनेमा लष्करानंच सांगून करवून घेतला होता. असली माणसं धोकादायक नसतात, त्यांना नोकऱ्या द्या, हे मालकलोकांना पटवायला. लाँग आयलंडवरच्या मेसन जनरल हॉस्पिटलात हस्टननं डॉक्टर-रुग्णांच्या खोलीत कॅमेरे चालू ठेवले. सुरुवातीच्या पाटीतच आकडा आहे : अमेरिकी सैन्यातल्या युद्धजखमींपैकी सुमारे २० टक्के मनाचे रुग्ण. मग एकेक माणूस येतो. एकाचे पाय चालत नाहीत; सोडियम अमायटल या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन देऊन त्याला उभा करतात. एकाची वाचा अडकलेली. एक काळा शिपाई मैत्रिणीच्या फोटोची आठवण काढून ढसाढसा रडतो. उपचार इतक्या झटपट लागू पडतात की ते खरे वाटत नाहीत, आणि तेवढा भाग प्रचारकीच आहे. पण चेहरे खोटे नाहीत.

लष्करानं बंदीचं कारण दिलं ते रुग्णांच्या खासगीपणाचं. हस्टनचं म्हणणं वेगळं होतं : युद्धात जाऊन माणूस अधिक कणखर होऊन येतो, ही दंतकथा त्यांना जपायची होती. १९४८ मध्ये लष्करानं 'शेड्स ऑफ ग्रे' नावाचा पर्यायी माहितीपट नट घेऊन बनवला, यावरून हस्टनच खरा असावा असं वाटतं. खासगीपणाचा प्रश्न त्यानं सुटला, आणि खरे चेहरेही गेले.

मधल्या काळात व्हिएतनाम झालं. तिथला अमेरिकी शिपाई वर्षभराची पाळी संपवून एकटाच विमानात बसायचा आणि एक-दोन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात असायचा. आधीच्या युद्धांत सोबत्यांबरोबर आठवडे-आठवडे बोटीतून परत येताना जे बोलणं व्हायचं, ते आता राहून जायचं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९५२ साली अशा आघातासाठी एक नोंद होती. १९६८ च्या आवृत्तीत, ऐन युद्धाच्या भरात, ती गळली. नोंद नाही म्हणजे सरकारी दवाखान्यात दावा लावायला आधार नाही. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शटन या मनोविकारतज्ज्ञांसोबत गोल करून बसू लागले, आपलं आपण बोलू लागले. त्या बैठकांतून उभा राहिलेला रेटा १९८० च्या नियमावलीत पोचला : पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार. त्याआधीच, एप्रिल १९७९ च्या ऑस्कर सोहळ्यात व्हिएतनामहून परतलेल्यांचे दोन सिनेमे, 'द डिअर हंटर' आणि 'कमिंग होम', मोठी बक्षिसं घेऊन गेले होते. आजाराला कागदावर नाव मिळालं त्याच वर्षाच्या शेवटी हस्टनच्या रिळांचं कुलूप निघालं.

पण तेव्हा बाहेर आलेल्या प्रतींचा आवाज खराब होता. शिपायांचं पुटपुटणं, अडखळणं बऱ्याच ठिकाणी लागायचंच नाही. ते दुरुस्त करून, नीट ऐकू येईल अशी प्रत २०१२ मध्ये तयार झाली.