करंट सोडला म्हणून पाण्यातले क्षार जळत नाहीत

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत फिल्टर विकणारे एक प्रयोग हमखास करून दाखवतात. बोअरच्या पाण्यात सळ्या बुडवून करंट सोडायचा. थोड्या वेळात पाणी तांबूस-काळं, वर फेस. "बघा, ही घाण तुम्ही पिता!" आरओचं पाणी मात्र नितळच. त्यातून समज पसरला, की वीज पाण्यातली घाण आणि क्षार जाळून बाहेर काढते.

तो रंग लोखंडी सळईचा आहे. जड पाण्यात क्षार असल्याने करंट वाहतो, लोखंड विरघळतं आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच, म्हणून करंट जेमतेम वाहतो. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तांबूस होईल. आयाबायांना असं घाबरवून पैसे काढतात, याची मनापासून चीड येते.

विजेने पाणी शुद्ध करायचं एक खरं तंत्र आहे, प्लाझ्माचं, म्हणजे ठिणगीत असतो तशा विद्युतभारित वायूचं. हजारो व्होल्टच्या ठिणग्यांतून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल असे झटकन क्रिया करणारे पदार्थ तयार होतात. ते जंतू मारतात, कपाशीवर फवारलेल्या कीटकनाशकांसारखे रेणू तोडतात. क्षार आणि फ्लोराइड मात्र जागच्या जागी राहतात. उलट ठिणगी हवेत पडली, तर हवेतल्या नायट्रोजनमुळे पाण्यात नायट्रेट वाढतं.