काचेच्या पेल्यात ओतलेले आमिष

हवाई द्वीपसमूहातल्या सर्वांत मोठ्या, हवाई नावाच्याच बेटाच्या पश्चिम कडेला कोना हा किनारा आहे. मोठ्या ज्वालामुखी पर्वतांच्या आडोशामुळे तेथे व्यापारी वारे अडतात आणि समुद्र बराच काळ संथ राहतो. शिवाय किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो, त्यामुळे खोल समुद्रात वावरणारा निळा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या लांब चोचीचा मोठा मासा, तेथे जमिनीच्या जवळ सापडतो. 1950 च्या आसपास याच किनाऱ्यावर हेन्री ची नावाच्या नावाड्याने पारदर्शक रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक, मद्यालयातल्या काचेच्या पेल्यांत ओतून ल्यूरची, म्हणजे कृत्रिम आमिषाची, डोकी घडवली. त्याच काळातले नावाडी जॉर्ज पार्कर यांनी 1954 मध्ये हवाईच्या समुद्रात 1,002 पौंडांचा, म्हणजे सुमारे 454 किलोंचा मार्लिन पकडला होता. त्या वेळी ल्यूरच्या डोक्यामागे लोंबणारी झालर गाडीच्या चाकातल्या लाल रबरी ट्यूबच्या पट्ट्या कापून करत. घरात पडलेल्या वस्तूंपासून सुरू झालेली ही कारागिरी आजही घरच्या घरी करता येते, मात्र त्यासाठी पाणी आणि हवा यांचे वागणे नीट समजून घ्यावे लागते.

ल्यूर म्हणजे माशाची हुबेहूब प्रतिकृती, हा समज मला चुकीचा वाटतो. नाव ताशी 8 सागरी मैलांच्या वेगाने जात असताना मागे ओढले जाणारे हे डोके काही सेकंदांनी पृष्ठभागावर येते, हवेचा घोट घेते आणि ती हवा सोबत घेऊन पुन्हा खाली जाते. डोक्याच्या मागे दाब कमी झालेला असतो. तेथे अडकलेली हवा फुटून बारीक बुडबुड्यांची लांब पांढरी शेपटी तयार होते. पळणाऱ्या लहान माशाच्या मागेही अशीच रेघ उमटते आणि खालून वर पाहणाऱ्या मार्लिनला ती दुरून दिसते.

हे खालीवर होणे डोक्याच्या तिरक्या कापलेल्या तोंडावर अवलंबून असते. तोंडाचा पुढे आलेला काठ खालच्या बाजूला असेल तर पाणी डोक्याला खाली दाबते, वरच्या बाजूला असेल तर वर ढकलते. स्थूल हिशेब करून पाहू. 8 सागरी मैल म्हणजे सेकंदाला सुमारे 4.1 मीटर. या वेगाने 4 सेंटीमीटर व्यासाच्या तोंडावर पाण्याचा जोर साधारण एक किलो वजनाइतका पडतो. तोंड 20 अंशांनी तिरके असेल तर त्यातून 300 ते 400 ग्रॅमचा आडवा रेटा निर्माण होतो. याउलट 8 सेंटीमीटर लांबीच्या रेझिनच्या डोक्याचे हवेतले वजन 120 ग्रॅम असले, तरी पाण्यात ते जेमतेम 15 ते 20 ग्रॅम भरते. म्हणजे ल्यूर बुडतो किंवा उसळतो तो वजनामुळे नव्हे, तर कापामुळे. काप 20 ऐवजी 25 अंशांचा झाला तर आडवा रेटा चतुर्थांशाहून अधिक वाढतो. म्हणून करवतीचा हात येथे जरा जरी घसरला तरी ल्यूरची चाल बदलते. डोक्यात एका बाजूला बसवलेल्या शिशाचे काम वेगळे आहे: ते डोके गरगर फिरू न देता त्याची खालची बाजू खालीच ठेवते.

ओतकामासाठी लागणारे पॉलिएस्टर रेझिन कोकणात फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांना चांगले परिचयाचे आहे. त्यात शेकडा एक-दोन भाग हार्डनर मिसळला की रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतू लागतात आणि उष्णता बाहेर पडते. होडीच्या पातळ थरातून ती सहज निघून जाते, पण पेल्यातल्या जाड गोळ्यात ती कोंडते, रेझिन पिवळे पडते आणि कधी मधोमध तडकते. म्हणून दोनेक सेंटीमीटरचा थर ओतावा, तो घट्ट होऊन कोमट झाला की पुढचा ओतावा, आणि उन्हाळ्यात हार्डनर कमी घ्यावा. मधोमध उभी केलेली पितळी नळी पुढे दोरा ओवण्यासाठी लागते. हार्डनर डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा यांत तडजोड करू नये. हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारा पदार्थ, एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्याचा भडका उडतो.

पहिला थर घट्ट झाला की त्यावर शिंपल्याची चकती ठेवतात. पॉलिनेशियन कोळी हे साहित्य फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. हवाईत आकू, म्हणजे कुप्याच्या कुळातला एक मासा, पकडण्यासाठी ‘पा ही आकू’ नावाचा गळ करत. त्याची दांडी मोत्याच्या शिंपल्याची असे आणि मागे डुकराच्या केसांचा झुबका असे. शिंपल्याच्या आतील भागात अॅरागोनाइट या खनिजाचे सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून कोनानुसार रंग पालटतात, त्यामुळे डोके किंचित वळले तरी माशाच्या खवल्यासारखी झळाळी उमटते. छापील चमकी कागदात हा गुण पूर्णपणे उतरत नाही, असे माझे मत आहे.

रंगांची चर्चा कोळ्यांमध्ये रंगते, पण मी त्याला दुय्यम मानतो. वरच्या उजेडासमोर ल्यूर खालून बहुतेक काळ गडद आकृती म्हणूनच दिसतो. शिवाय मार्लिन आणि तलवार मासा यांच्या डोळ्याजवळचा एक स्नायू आकुंचनाऐवजी उष्णता निर्माण करतो आणि डोळा व मेंदू भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार ठेवतो. तलवार माशाच्या डोळ्यातला पडदा असा उबदार असताना वेगवान हालचाल कितीतरी बारकाईने टिपतो, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. इतक्या तल्लख नजरेसमोर चाल चुकलेला ल्यूर कोणत्याही रंगाने सावरता येत नाही.

पिसांच्या माशीचे, म्हणजे फ्लायचे, गणित निराळे आहे. 1962 मध्ये पनामाच्या समुद्रात डॉ. वेबस्टर रॉबिन्सन यांनी फ्लायवर सेलफिश, म्हणजे मार्लिनच्याच कुळातला मासा, पकडला. या प्रकारात गळ नसलेल्या आमिषाने मासा नावेजवळ आणतात आणि मग फ्लाय हाताने फेकतात. विक्रमाच्या नियमांनुसार फेकताना नावेचे इंजिन गिअरमध्ये नसावे लागते. नावेचा वेग नाही आणि वजनही घालता येत नाही, म्हणून फोमचे रुंद डोके पाण्यावर ‘पॉप’ आवाज काढण्यासाठी बसवतात आणि मागे लांब पिसे बांधतात.

डोके तयार झाले की शेवटचे काम पाण्यावरच होते. ल्यूर नावेच्या कडेला धरून वेगवेगळ्या वेगांवर ओढून पाहावा. तो सारखा फिरत असेल तर शिसे खालच्या बाजूला वाढवावे. पाण्याबाहेर उड्या मारत असेल तर तोंड सपाटीच्या बाजूने थोडे घासावे. श्वास न घेता खालीच राहत असेल तर वेग वाढवून पाहावा. 8 वरून 10 सागरी मैलांवर गेल्यास पाण्याचा जोर दीडपटीहून जास्त होतो, म्हणून दर वेळी बारीक पॉलिश कागदाचे चार-पाच हातच फिरवावेत आणि पुन्हा पाण्यात सोडावा.