टेनिसची रॅकेट घेताय? आधी हात मोजा

रॅकेट घ्यायला आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की अमुक प्लेअर कुठली वापरतो, आणि दुसरा प्रश्न की सगळ्यात हलकी कुठली. यातल्या कुठल्याही प्रश्नाने सुरुवात केली की चुकीची रॅकेट घरी जायची शक्यता वाढते, म्हणून हे पत्रक लिहिलंय. घेण्याआधी एकदा शांतपणे वाचा, मग रॅकेट आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, पण हाताला बसणारी घ्या. आमचं म्हणणं असं की आधी ग्रिपचा साइज ठरवायचा, मग वजन, मग हेड म्हणजे जाळीचा गोल भाग, आणि मॉडेलचं नाव नि रंग सगळ्यात शेवटी. नंबर न बघता आपण चप्पल घेत नाही, मग जी वस्तू तासतासभर मुठीत धरायची ती मूठ न मोजता का घ्यायची?

ग्रिप साइज म्हणजे काय, तर दांड्याचा घेर. इंचात मोजतात, ४ इंचापासून ४ ५/८ पर्यंत, दर साइजला १/८ इंच वाढतो म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. दांड्याच्या बुडाला किंवा बाजूला एल झिरो, एल वन, एल टू असं लिहिलेलं असतं, कधी नुसताच आकडा असतो. एल झिरो म्हणजे ४ इंच, एल वन ४ १/८, एल टू सव्वाचार, एल थ्री ४ ३/८, एल फोर साडेचार आणि एल फाइव्ह ४ ५/८. मोठ्यांमध्ये एल टू आणि एल थ्री सगळ्यात जास्त चालतात, लहान हात असेल तर एल वन. ३ मिलिमीटरने काय फरक पडणार असं वाटतं ना? दोन साइज पाठोपाठ हातात धरून बघा, डोळे मिटूनसुद्धा कळतं.

मोजायचं कसं ते सांगतो, घरीच होतं. ज्या हाताने खेळता तो हात सपाट पसरा, बोटं एकमेकांना चिकटलेली. तळहातावर दोन ठळक आडव्या रेघा दिसतील, त्यातली खालची, म्हणजे मनगटाकडची पकडा. त्या रेघेपासून अनामिकेच्या म्हणजे करंगळीच्या शेजारच्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा, नख धरायचं नाही. जे इंच येतील तो साधारण तुमचा साइज. १०८ मिलिमीटर आले तर सव्वाचार म्हणजे एल टू, १११ आले तर एल थ्री. मध्येच कुठेतरी आलं तर लहान साइज घ्या, कारण खाली सांगतोच.

दुसरी पद्धत रॅकेट हातात असताना करायची. रॅकेटशी शेकहँड केल्यासारखी पकडा, म्हणजे ईस्टर्न फोरहँडची पकड. आता बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. बोट अलगद बसलं तर साइज बरोबर, बोट शिरतच नाही तर ग्रिप लहान, आणि बोट घालूनही जागा उरते तर ग्रिप मोठी. आमचा जास्त भरवसा या पद्धतीवर आहे कारण यात हाताची जाडी पण धरली जाते, पट्टीला फक्त लांबी कळते. पण दुकानात नुसतं उभं राहून धरणं आणि घामेजलेल्या हाताने तिसऱ्या सेटमध्ये धरणं यात फरक आहे, त्यामुळे दोन्ही पद्धतींतून आलेला साइज हा सुरुवातीचा अंदाज समजा आणि जमलं तर खेळून पक्का करा.

चुकीच्या साइजने होतं काय ते नीट समजून घ्या, कारण त्रास लगेच दिसत नाही. ग्रिप लहान असेल तर बॉल सेंटरच्या बाहेर लागला की रॅकेट हातात फिरते, ती फिरू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो, आणि दोन तास मूठ आवळून खेळलं की कोपरापासून खालचा हात भरून येतो. ग्रिप मोठी असेल तर मनगट मोकळं फिरत नाही, सर्व्हिसला जो शेवटचा झटका लागतो तो मिळत नाही, आणि फोरहँडवरून बॅकहँडवर किंवा व्हॉलीला जाताना पकड बदलायला वेळ लागतो. टेनिस एल्बो म्हणजे कोपराचं दुखणं झालं की लोक सगळा दोष ग्रिपला देतात, तसं नाहीये, त्यात शॉट मारायची पद्धत, गटिंग म्हणजे जाळीच्या तारा, किती खेळता हे सगळंच येतं, पण सतत आवळलेली मूठ हातावर ताण टाकते हे नक्की, आणि ती गोष्ट घेतानाच टाळता येते.

लहान साइज घ्या असं का म्हटलं, तर ग्रिप वाढवता येते, कमी करणं कटकटीचं असतं. वर एक ओव्हरग्रिप म्हणजे ग्रिपवर लावायची पातळ पट्टी गुंडाळली की साधारण अर्धा साइज वाढतो, वजन पाच-सहा ग्रॅम वाढतं, झालं. पूर्ण एक साइज वाढवायचा असेल तर दांड्यावर स्लीव्ह म्हणजे नळीसारखं आवरण चढवून ती गरम हवेने आवळून बसवतात, हे काम आम्ही करून देतो पण आधीच सांगतो की त्याने दांड्याचे कंगोरे थोडे बोथट होतात आणि वजन वाढतं ते सगळं हाताकडे. उलट मोठ्या साइजची रॅकेट आणलीत तर आतली मूळ ग्रिप काढून पातळ बसवणं किंवा नुसत्या ओव्हरग्रिपवर खेळणं एवढंच करता येतं, आणि त्यात गादी जाते, हाताला फ्रेम टणक लागते. दांडा तासून घेऊ का असं विचारणारे येतात, कृपया तसं करू नका, हल्लीच्या बहुतेक दांड्यांवर बाहेरचा फोम साच्यातून ओतलेला असतो, तासला की आकार बिघडलाच.

ज्यांना खूप घाम येतो त्यांनी साइज ठरवताना ओव्हरग्रिप धरूनच ठरवा, कारण तुम्ही ती लावणारच आहात. ओव्हरग्रिप दोन जातीच्या, एक चिकट आणि एक कोरडी, घाम पिणारी. हात ओले होणाऱ्यांना कोरडीच बरी. आणि ती बदला हो, काळी पडून गुळगुळीत झालेली ओव्हरग्रिप म्हणजे परत तीच आवळलेली मूठ! नियमित खेळणाऱ्यांनी तर ती गुळगुळीत व्हायची वाटच बघू नये.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. दांडा गोल नसतो, अष्टकोनी असतो, आणि प्रत्येक कंपनीचा अष्टकोन वेगळा. हेड नावाच्या कंपनीचा दांडा जास्त चपटा, आयताकडे झुकणारा, विल्सन आणि बाबोलातचा त्या मानाने गोलसर. त्यामुळे एका कंपनीचा एल थ्री आरामात बसला म्हणून दुसऱ्या कंपनीचा एल थ्री तसाच वाटेल असं नाही. आणि टॉपस्पिनवाले, म्हणजे बॉलला पुढच्या बाजूला फिरकी देणारे, ज्यांची पकड सेमी-वेस्टर्न किंवा वेस्टर्न म्हणजे तळहात दांड्याखाली नेणारी असते, त्यांना सहसा लहान ग्रिप आवडते, मनगट मोकळं राहतं म्हणून. नदालसारखा ताकदवान गडी सव्वाचारच्या ग्रिपवर खेळायचा, त्यामुळे मोठा माणूस म्हणजे मोठी ग्रिप असं गणित मांडू नका.

आता वजन. पाकिटावर जे ग्रॅम लिहिलेले असतात ते बहुतेक वेळा बिनगटिंगचे असतात, गटिंग केल्यावर १५ ते १८ ग्रॅम वाढतात. २५५ ते २८० हलकी, २८५ ते ३०० मधली, ३०५ च्या पुढे जड असं ढोबळमानाने धरा. हलकी रॅकेट हातात घेतली की मस्त वाटते आणि तिथेच फसायला होतं, कारण समोरून जोरात बॉल आला की हलकी फ्रेम मागे ढकलली जाते, थरथरते, आणि तो धक्का हाताला खावा लागतो. जड रॅकेट धक्का स्वतः पचवते पण ती वेळेत मागे न्यायला दंड आणि टायमिंग पाहिजे, उशीर झाला की मग खांदा दुखतो. आमचा सल्ला असा की पूर्ण एक तास जी तुम्ही न थकता फिरवू शकता त्यातली सगळ्यात जड घ्या. नवीन शिकणाऱ्या मोठ्या माणसाला २७० ते २८५ आणि नियमित खेळणाऱ्याला ३०० च्या आसपास, हे बऱ्याच जणांना जमून जातं. फेडररच्या नावाने विल्सनने जी ९७ स्क्वेअर इंच हेडची रॅकेट काढली ती बिनगटिंगची ३४० ग्रॅमची होती, ती हौसेने घ्यायची आणि दुसऱ्या गेमपासून हात खाली यायचा असं होऊ नये एवढंच.

वजनाइतकंच महत्त्वाचं ते वजन आहे कुठे. साधी रॅकेट २७ इंच म्हणजे ६८.५ सेंटीमीटर लांब, तिचा मध्य बुडापासून साधारण ३४.३ सेंटीमीटरवर येतो. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून बघा, तोल या मध्याच्या दांड्याकडच्या बाजूला आला तर हेड-लाइट, पलीकडे आला तर हेड-हेवी. जड रॅकेटी बहुतेक हेड-लाइट असतात म्हणून फिरवता येतात, आणि हलक्या रॅकेटी हेड-हेवी ठेवतात म्हणजे बॉलला थोडा दम मिळतो. त्यामुळे दोन रॅकेटींचे ग्रॅम सारखे असले तरी फिरवताना एक जड वाटते, एक हलकी, आणि तुमचं वाटणं बरोबरच असतं.

हेडबद्दल फार डोकं लावू नका. १०० स्क्वेअर इंच हा मधला आकडा, बहुतेकांना तिथेच ठेवावं. १०५ ते ११० घेतलं तर बॉल सेंटरला न लागताही पलीकडे जातो, नवशिक्यांना आणि डबल्स खेळणाऱ्या ज्येष्ठांना हे आवडतं. ९५ ते ९८ मध्ये बॉल हवा तिथे टाकता येतो पण चुकलं की रॅकेट माफ करत नाही. फेडररसुद्धा ९० वरून ९७ वर आला, २०१४ मध्ये, तर आपण लहान हेडचा हट्ट कशाला धरायचा. गटिंगच्या पॅटर्नमध्ये १६ बाय १९ म्हणजे १६ उभ्या नि १९ आडव्या तारा, लांब लांब, स्पिन जास्त मिळतो पण गट लवकर तुटतो, १८ बाय २० मध्ये तारा दाट, बॉल सपाट आणि काबूत.

टीव्हीवर दिसणारी रॅकेट आणि दुकानातली रॅकेट एकच असते असं समजू नका बरं का. बरेच प्रो खेळाडू वर्षानुवर्षं जुनीच फ्रेम वापरतात, नवीन मॉडेल आलं की फक्त वरचा रंग बदलतो, शिवाय आत शिसं वगैरे घालून वजन आपल्या मापाचं करून घेतलेलं असतं. आणि एकाच नावाच्या रॅकेटीत प्रो, टूर, टीम, लाइट असे प्रकार असतात, त्यात २५० ग्रॅमपासून ३१५ पर्यंत काहीही निघू शकतं, तेव्हा नाव सांगू नका, आकडे वाचा.

मुलांसाठी आलेल्या आईबाबांना एक कळकळीची विनंती, वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी रॅकेट घेऊ नका. सात वर्षांच्या मुलाच्या हातात २७ इंची दिली की तो दांडा वर धरायला लागतो, कोपर अंगाला चिकटवून मारतो, आणि ती सवय पुढे मोडायला कोचचा जीव जातो. मीटरभर उंचीपर्यंत १९ इंची, मग २१, सव्वा मीटरच्या आतबाहेर २३ ते २५, १४० सेंटीमीटरनंतर २६, आणि दीड मीटरच्या पुढे २७, असा साधारण क्रम. मुलाला ताठ उभं करून हात खाली सोडायला सांगा, रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकायला हवं, हात वर उचलावा लागत असेल तर ती मोठी आहे. बॉलही तसाच घ्या. लाल बॉल नेहमीच्या पिवळ्यापेक्षा साधारण ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. १० वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा बॉल वापरायचा नाही असा इंटरनॅशनल टेनिस फेडरेशनचा नियम २०१२ पासून आहे, तो उगीच केलेला नाही.

गटिंगबद्दल थोडक्यात. पॉलिस्टर टिकतो, स्पिन देतो, पण कडक असतो, आणि तुटला नाही तरी मरतो म्हणजे ताण सोडतो, मग बॉल कुठेही जातो. मुलांना आणि हात दुखणाऱ्यांना आम्ही पॉलिस्टर घालून देत नाही, मल्टिफिलामेंट म्हणजे बारीक धाग्यांचा मऊ गट किंवा सिंथेटिक गट घ्या, ५० ते ५५ पौंडांच्या आसपास. ताण कमी केला की दम वाढतो, ताण वाढवला की कंट्रोल. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलावं हा जुना हिशोब अजूनही चालतो. कोपर आधीच दुखत असेल तर फ्रेमही मऊ बघायची, स्टिफनेसचा म्हणजे फ्रेमच्या कडकपणाचा आकडा ६५ च्या खाली असलेली बरी, आणि दुखणं चालूच राहिलं तर नवीन रॅकेटीच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

ट्रायलला रॅकेट न्याल तेव्हा तिचं गटिंग किती जुनं आहे ते आम्हाला विचारा, मेलेल्या गटवर चांगली रॅकेटही खराब वाटते. दहा मिनिटं रॅली मारून मत बनवू नका, किमान तासभर खेळा आणि सर्व्हिस शेवटी ठेवा, हात थकल्यावर वजन खरं कळतं. आणि येताना जुनी रॅकेट घेऊन या, तिची ओव्हरग्रिप कितीही मळलेली असली तरी काढू नका, नवीन लावू नका, आहे तशी आणा. ती कुठे झिजलीय, बोटांचे खड्डे कुठे पडलेत, बुडाशी फाटलीय का अंगठ्यापाशी, हे बघून तुमची पकड कुठली आणि साइज किती हे आम्हाला पट्टी लावायच्या आधीच बरंचसं कळतं.