युरीचा दिवस: रशियातल्या भूदासप्रथेची पार्श्वभूमी

भूदास म्हणजे गुलाम नव्हे. त्याचं स्वतःचं घर असे, गुरं असत, कसायला जमिनीचा तुकडा असे. फक्त ती जमीन सोडून जायची सोय नसे. रशियात मात्र हा फरक पुढे नावापुरताच उरला.

तिथला शेतकरी मुळात असा जखडलेला नव्हता. मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान याच्या 1497 च्या कायद्याने त्याच्या जाण्यायेण्याला वेळ बांधून दिली: 26 नोव्हेंबरला संत युरीचा सण, त्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा. सुगी आटोपलेली असायची. देणं चुकवायचं, राहत्या घराबद्दलची रक्कम भरायची आणि दुसऱ्या जमीनदाराकडे बिऱ्हाड हलवायचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षं 'बंदीची' ठरली आणि ही वाटही मिटली. 'घ्या आजीबाई, हा तुमचा युरीचा दिवस!' ही म्हण रशियन माणूस आशेवर पाणी पडलं की अजून वापरतो.

पळून जाणं तेवढं उरलं होतं. 1597 च्या हुकुमाने पळालेल्याला पाच वर्षांपर्यंत शोधून परत आणता येई. 1649 च्या संहितेने ती मुदतच काढून टाकली. गंमत म्हणजे इंग्लंडात तोवर भूदासप्रथा जवळपास विरून गेली होती.

पुढे कुणी धन्याच्या शेतावर वेठ करी, कुणी रोख किंवा धान्य देई. आठवड्याला तीनच दिवस वेठ घ्यावी असं पॉल झारने 1797 मध्ये सुचवलं. मनावर घेणारे थोडेच. जमीनदाराची श्रीमंती मोजत ती 'आत्म्यां'त, म्हणजे पदरच्या भूदासांत, आणि गणतीत धरत फक्त पुरुष. मेलेला माणूसही पुढच्या गणतीपर्यंत कागदावर जिवंत राही, त्याचा कर भरावा लागे. 1767 मध्ये कॅथरीन राणीने धन्याविरुद्ध थेट राणीकडे तक्रार करणंच गुन्हा ठरवलं. सहा वर्षांनी पुगाचोव नावाच्या कोसॅकच्या मागे शेतकऱ्यांचं बंड पेटलं.

क्रिमियाच्या युद्धात मार खाल्ल्यावर सरकारचे डोळे उघडले. 1861 मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरने दोन कोटींहून अधिक भूदासांना मुक्त केलं. जमीन मात्र फुकट नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या रानाची किंमत 49 वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती, आणि ती फिटेपर्यंत गावपंचायतीच्या परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. 1905 च्या उठावानंतर, 1907 पासून ते हप्ते माफ झाले.