हेल्मेटमधला आवाज किती दूर पोचतो?

हेल्मेट इंटरकॉम म्हणजे चालत्या बाइकवर एकमेकांशी बोलता यावं म्हणून हेल्मेटला लावायचं यंत्र. त्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा रेंजचा असतो. एक किलोमीटर, दीड, दोन. बाइकवरच्या लांबच्या प्रवासासाठी यंत्र निवडणारे बहुतेक जण याच आकड्यापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते निवड तिथेच चुकते. आकडा खोटा नसतो. मोकळ्या मैदानात, दोन्ही यंत्रं उंचावर, मध्ये कसलाही अडथळा नाही, अशा स्थितीत तो मिळतोही. रस्त्यावर मात्र बाइकस्वाराचं डोकं जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर असतं, आणि सगळा घोळ त्या दीड मीटरमुळे होतो.

बहुतेक इंटरकॉम, मग ते साधे ब्लूटूथचे असोत की मेशचे (म्हणजे जाळ्यासारखे सगळे एकमेकांशी जोडणारे), २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या लहरींची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. अशी लहर एका अँटेनापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेल्या दोरीसारखी जात नाही, तिला आजूबाजूला मोकळी जागा लागते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. दोन बाइक एक किलोमीटर अंतरावर असतील, तर मधोमध त्याची त्रिज्या सुमारे साडेपाच मीटर भरते. म्हणजे त्याचा बराचसा भाग जमिनीखालीच गेला. त्यात आणखी भर अशी, की रस्त्यावरून परावर्तित झालेली लहर थेट आलेल्या लहरीला जवळजवळ उलट्या कलेत, म्हणजे एकीच्या चढावर दुसरीचा उतार अशी, येऊन मिळते आणि तिला मारून टाकते.

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की सिग्नल एक-चतुर्थांश होतो. जमिनीलगत शे-दीडशे मीटरच्या पुढे हिशोब बदलतो, अंतर दुप्पट झालं की सिग्नल सोळाव्या हिश्श्यावर येतो. रेंज दुप्पट करायची तर सोळापट शक्ती हवी, आणि विनापरवाना पट्ट्यात प्रक्षेपणाच्या शक्तीवर कायद्याची मर्यादा असते. म्हणूनच महागड्या आणि मध्यम किमतीच्या यंत्रांच्या प्रत्यक्ष रेंजमध्ये फार मोठी तफावत नसते. वळण, टेकडी किंवा मध्ये घुसलेला ट्रक आला की दोघांचीही गत सारखीच.

आणखी एक अडथळा आपण स्वतःच बरोबर घेऊन फिरतो: आपलं डोकं. इंटरकॉम बहुधा हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसवलेला असतो. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि शरीरात पाणी भरपूर, त्यामुळे सोबती उजवीकडे असला की आवाज तुटायला लागतो. डोकं थोडं वळवलं की परत येतो.

मेशचा खरा फायदा इथे कळतो. साध्या ब्लूटूथ गटात सगळे साखळीने जोडलेले असतात. मधला कुणी पेट्रोलला थांबला की साखळीचे दोन तुकडे होतात. मेशमध्ये प्रत्येक यंत्र इतरांचा आवाज पुढे पाठवतं आणि वाट मोडली की नवी वाट आपोआप शोधतं. वरचा सोळापटीचा हिशोब इथे उलटा कामी येतो, कारण अंतर निम्मं झालं की सिग्नल सोळापट वाढतो. मध्ये एक बाइक असणं हे कुठल्याही अँटेनापेक्षा जास्त उपयोगाचं. चार-पाच जणांचा गट असेल तर मी मेशशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. फक्त एका कंपनीची मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा बोलत नाही, तेव्हा गटाने आधी एकत्र बसून ठरवावं. दोघंच एका बाइकवर असाल तर यातलं काहीच लागत नाही, साधा ब्लूटूथ पुरे.

डोंगराळ भागात वॉकीटॉकी अजूनही उजवी ठरते. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवर अर्ध्या वॉटचे संच विनापरवाना वापरता येतात. तिथली तरंगलांबी ६७ सेंटिमीटर, त्यामुळे लहर झाडीतून आणि टेकडीच्या कडेवरून जास्त चांगली वळते. पण हाच संच अमेरिकेत नेला तर तो हौशी रेडिओच्या पट्ट्यात जाऊन पडतो, आणि तिथे परवाना लागतो. सीमा ओलांडणाऱ्यांनी हे निघण्याआधीच तपासावं.

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि जिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ती म्हणजे कान. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. कामाच्या जागच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात. त्यात आपण वाऱ्यावर मात करायला स्पीकर आणखी मोठा करतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

उपाय विचित्र वाटेल: इअरप्लग घालून इंटरकॉम ऐकावा. प्लग वारा आणि स्पीकर दोन्ही कमी करतो, पण अति मोठ्या आवाजाने बधिरलेला कान मोकळा होतो आणि शब्द स्पष्ट उमटतात. साधा फोमचा प्लग उंच स्वर जास्त अडवतो, आणि व्यंजनं ओळखू येतात ती नेमकी तिथेच. 'पुढे सात किलोमीटर' आणि 'पुढे साठ किलोमीटर' यांत मग गोंधळ होऊ शकतो. म्हणून सर्व स्वर सारखे कमी करणारे फिल्टरचे प्लग घ्यावेत. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका आणावा, मागे पातळ फोम लावून जवळ सरकवावा. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. तो दुप्पट लांब गेला तर आपला आवाज ६ डेसिबलने घटतो, वारा मात्र तेवढाच राहतो. एवढी जुळवाजुळव केली की स्वस्त संचही महागड्याच्या तोडीस येतो.

मोबाइलचं जाळं संपतं तिथे प्रश्नच वेगळा होतो: सोबत्याशी बोलणं नव्हे, मदत मागणं. इरिडियम या उपग्रह-दूरसंचार कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरतात, त्यामुळे त्यांचं जाळं पृथ्वीवर सगळीकडे पोचतं. त्यावर चालणारी छोटी यंत्रं दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवतात. खोल दरीत आकाशाची पट्टी अरुंद असते आणि उपग्रह डोक्यावर येईपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. दुसरा पर्याय ४०६ मेगाहर्ट्झच्या वैयक्तिक बीकनचा, म्हणजे बटण दाबल्यावर फक्त संकटाचा संकेत पाठवणाऱ्या यंत्राचा. १९८२ पासून माणसं वाचवत आलेली कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय शोध-बचावाची उपग्रह यंत्रणा त्याचा संकेत पकडते. मासिक वर्गणी नाही, पण 'पाय मोडलाय, शुद्धीवर आहे' असं सांगण्याची सोयही नाही. लांब एकट्याने जाणाऱ्याने मी तरी दुतर्फी यंत्रच घ्यावं म्हणेन. मात्र काही देशांत, आणि भारत त्यांतला एक, परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगल्यास अटक होऊ शकते. संदेशयंत्रांचे नियमही प्रत्येक देशाचे आधी बघून घ्यावेत.

हे यंत्र हँडलवर लावू नये. अपघातात बाइक आणि स्वार एकमेकांपासून बरेच लांब फेकले जातात, आणि जखमी माणसाला तेवढं सरपटत जाणं जमत नाही. ते जॅकेटच्या खांद्याजवळ, अँटेना आभाळाकडे करून, दोन्हीपैकी कुठल्याही एका हाताने बटण दाबता येईल असं अडकवावं.