गोवर लसीकरण (बालकांचे)

गोवर या विषाणुजन्य रोगापासून आणि विशेषतः त्यामागून येणाऱ्या गुंतागुंतीपासून बालकांचे रक्षण करणारे लसीकरण. पुरळ मावळले की दुखणे सरले, असे घरोघरी मानले जाते. प्रत्यक्षात गोवराने होणारे बहुतेक बालमृत्यू त्यानंतरच्या न्यूमोनिया, अतिसार यांसारख्या विकारांमुळे होतात.

याचे कारण असे की, हा विषाणू रोगप्रतिकारक पेशींनाच ग्रासतो आणि पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गांची शरीराला राहिलेली ओळख बऱ्याच अंशी पुसून टाकतो, त्यामुळे गोवरातून उठलेले मूल पुढे कित्येक महिने इतर जंतूंना सहज बळी पडते. सुमारे हजारात एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. कुपोषित मुलाची दृष्टी जाऊ शकते, म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा देतात. सर्वांत भीषण म्हणजे, बरे झालेल्या मुलाच्या मेंदूत विषाणू दबून राहून साधारणतः ७ ते १० वर्षांनी झटके व बुद्धिभ्रंश सुरू होणारा विकार. तो विरळा असला, तरी त्यावर खात्रीचा उपाय नाही आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना त्याचा धोका अधिक असतो.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस १९८५ पासून आहे. आता गोवर-रुबेला (रुबेला म्हणजे जर्मन गोवर) ही संयुक्त लस ९ महिने पूर्ण होताच आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत, उजव्या दंडावर त्वचेखाली टोचतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) नवव्या महिन्यापर्यंत बरीच ओसरलेली असतात. त्याआधी दिलेली लस ही प्रतिपिंडे निष्प्रभ करतात, म्हणून ती नीट लागू पडत नाही. नवव्या महिन्यातील मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांनाच संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी दुसरी मात्रा असते, त्यामुळे तिला केवळ ‘बूस्टर’ समजून टाळणे घातक आहे.

लसीत दुर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ही या लसीच्या प्रमुख उत्पादकांपैकी आहे. तरीही लस जिथे तयार होते, त्याच परिसरातील बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर आणि जिल्ह्यातील ऊसतोडीच्या फडांवर राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांची दुसरी मात्रा राहून जाण्याची शक्यता मोठी असते. गाव बदलल्याने आधीची मात्रा बाद होत नाही. लसीकरण कार्ड दाखवून पुढची मात्रा महापालिकेच्या दवाखान्यात किंवा अंगणवाडीतील सत्रात विनामूल्य घेता येते, आणि चुकलेली मात्रा वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत दिली जाते.