पार्श्वभूमी: कपाटात जपलेले ठसे

अमेरिकेतल्या पालकांच्या हाती शाळेतून, एखाद्या मेळाव्यातून किंवा विमा एजंटाकडून कधी ना कधी एक पाकीट पडतं. आत कार्ड असतं आणि त्यावर दहा बोटांसाठी दहा चौकोन. शाईची भानगड नाही. सोबतच्या ओलसर कागदी रुमालाने मुलाचं बोट पुसायचं आणि कार्डावर दाबायचं, की काळा ठसा उमटतो. मग उंची, वजन, डोळ्यांचा रंग, जन्मखुणा. गालाच्या आतून फिरवलेली कापसाची काडी डीएनएसाठी वेगळ्या लिफाफ्यात. शेवटी सूचना: हे सगळं घरीच जपून ठेवा, मूल हरवलं तर पोलिसांना द्या.

‘घरीच ठेवा’ ही सूचना साधी वाटते, पण या पाकिटाची ताकद आणि त्याचा लंगडेपणा दोन्ही तिथेच आहेत.

25 मे 1979 ला न्यूयॉर्कच्या सोहो भागात सहा वर्षांचा इटन पॅट्झ पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसकडे निघाला आणि नाहीसा झाला. वडील व्यावसायिक छायाचित्रकार, त्यामुळे त्याचे उत्तम फोटो हाताशी होते आणि ते देशभर पोहोचले. जुलै 1981 मध्ये फ्लोरिडातल्या हॉलिवूड या शहरात आईबरोबर खरेदीला गेलेला ॲडम वॉल्श दुकानातूनच दिसेनासा झाला. तोही सहा वर्षांचा. दोन आठवड्यांनी शंभराहून अधिक मैलांवरच्या कालव्यात त्याचं शिर सापडलं.

ॲडमचे वडील जॉन वॉल्श यांनी त्यानंतर थेट वॉशिंग्टन गाठलं. एफबीआयच्या संगणकात चोरीच्या गाड्या आणि बंदुका 1967 पासून नोंदवल्या जात होत्या. हरवलेल्या माणसांसाठीही 1975 मध्ये जागा झाली होती, पण मुलाचं नाव तिथे चढवायचं की नाही, ते गावच्या पोलिसांच्या मर्जीवर. ‘रागाने गेलं असेल, येईल दोन दिवसांत’ म्हणून आईबापांची बोळवण व्हायची. 1982 च्या कायद्याने पालकांना ही नोंद झाली का ते विचारण्याचा, आणि स्थानिक पोलीस टाळत असतील तर थेट एफबीआयकडून ती करून घेण्याचा मार्ग मिळाला. 1984 मध्ये हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं काम ते हेच. बाकी बरंचसं त्याच्या सावलीत वाढलं.

त्या सावलीत पहिल्यांदा वाढल्या त्या ठसे घेण्याच्या मोहिमा. शाळांत, मॉलमध्ये पोलीस टेबलं मांडून बसू लागले आणि रांगा लागल्या. पण अमेरिकी माणसाला सरकारच्या हाती ठसे देणं म्हणजे गुन्हेगारांच्या यादीत बसल्यासारखं. नागरी हक्कवाल्यांनी आक्षेप घेतले. त्यावर तोडगा असा निघाला की पोलिसांनी ठसे घ्यायचे आणि कार्ड पालकांच्याच हवाली करायचं, स्वतःकडे प्रत ठेवायची नाही. ठसे कपाटात गेले ते तेव्हापासून.

1984 मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहराच्या एका डेअरीने हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापले आणि पुढच्याच वर्षी ही पद्धत देशभर गेली. न्याहारीच्या टेबलावर लहान पोरांसमोर रोज हे चेहरे नकोत, असं डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ म्हणू लागले. तोवर भीतीने आकड्यांची पायरी सोडली होती. अनोळखी लोक वर्षाला हजारोंनी मुलं पळवतात, असं सर्रास सांगितलं जाई. ‘डेन्व्हर पोस्ट’ने 1985 मध्ये खोलात जाऊन दाखवलं की हरवलेल्यांत बहुतेक जण घरातून पळालेले किंवा घटस्फोटानंतर आई-वडिलांपैकीच कुणीतरी नेलेले असतात. त्या वृत्तमालेला पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. 1999 सालाबद्दलच्या सरकारी पाहणीतही चित्र तेच निघालं: हरवल्याची तक्रार झालेली मुलं सुमारे 7,97,500 आणि अनोळखी वा जुजबी ओळखीच्या माणसाने खंडणीसाठी, कायमचं ठेवून घेण्यासाठी किंवा मारून टाकण्यासाठी नेल्याची प्रकरणं अंदाजे 115.

आकडे छापून आले म्हणून भीती ओसरली नाही. 1997 मध्ये अमेरिकी फुटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेच्या आधाराने राष्ट्रीय पातळीवर ही पाकिटं वाटण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दंतवैद्यांनी आपली भर घातली: गरम पाण्यात मऊ केलेली चकती मुलाने चावायची, म्हणजे दातांचा ठसाही मिळतो आणि लाळही. दुधाचे दात पडतात, नवे येतात, त्यामुळे ती चकती ठरावीक काळाने बदलावी लागते. किती घरांत बदलली जात असेल, देव जाणे.

टेक्ससने 2021 मध्ये तर कायदाच केला आणि शाळांमार्फत पाकिटं वाटायला लाखो डॉलर काढले. ती घरोघर पोहोचू लागली 2022 च्या शरद ऋतूत. त्याआधी मे महिन्यातच युवाल्डीच्या शाळेत गोळीबार होऊन 19 मुलं गेली होती आणि काही आईबापांना मुलाची ओळख पटवण्यासाठी डीएनए द्यावा लागला होता. अशा वेळी दप्तरातून डीएनएचा लिफाफा घरी आल्यावर पालक हादरले, भडकले. 2023 मध्ये टेक्ससमधल्या पत्रकारांनी शोध घेतला, तर या पाकिटामुळे मूल सापडल्याचा पुरावा हाती लागला नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने त्यासाठीचा पैसा थांबवला.

यात नवल काही नाही. ठसा आणि डीएनए मूल शोधत नाहीत, सापडलेलं मूल कुणाचं ते सांगतात, आणि तेही जुळवायला दुसरीकडे नोंद असेल तर. त्यातून पाच वर्षांच्या चुळबुळ्या पोराचे आईने स्वयंपाकघरात घेतलेले ठसे बऱ्याचदा फरकटलेले असतात. शोधाच्या पहिल्या तासांत पोलीस मागतात तो ताजा, स्पष्ट फोटो आणि अंगावर काय कपडे होते याचं वर्णन.

नोंद मध्यवर्ती असली की काय होतं, ते नागपुरात दिसलं. बिहारमधून 2016 मध्ये हरवलेला, बोलता न येणारा एक मुलगा नागपूर रेल्वे स्थानकावर सापडला आणि संस्थेत वाढला. संस्थेने नवं आधार काढायला नेलं, तेव्हा अर्ज पुन्हापुन्हा फेटाळला गेला. कारण त्याच्या ठशांवर आधीच एक आधार निघालेलं होतं. त्यावरून खगडिया जिल्ह्यातलं घर सापडलं आणि 2022 मध्ये तो घरी गेला. अमेरिकी माणसाला ज्याचा धसका आहे, तोच सरकारी साठा इथे कामी आला. तो धसका खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या साठ्यातून हरवलेला मुलगा सापडतो, त्यातून न हरवलेला माणूसही सापडतोच.

आणि इथेही एक फट आहेच. पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारसाठी फक्त चेहऱ्याचा फोटो घेतात. बोटांचे ठसे घेतात ते पाचव्या वर्षानंतर, आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा एकदा.